पहिला ग्लास कल्हईवाल्याचा

अब्बा,

लेबल मंजूर झालं. आज सकाळी पोरानं स्वतः पुण्याहून फोन करून सांगितलं, आणि सवयीप्रमाणं मी दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली. बाटलीवर ज्वारीचं कणीस आहे, वर 'येळवस' असं आपल्या वेळ अमावास्येचं नाव आहे, आणि मधोमध तुम्ही आहात. गोल टोपी, छातीवर आलेली दाढी, हातात कल्हई केलेला चकचकीत ग्लास. चित्राखाली बारीक अक्षरांत एक ओळ : पहिला ग्लास कल्हईवाल्याचा. बाटली बीअरची आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ज्या धंद्यात मी केस पांढरे केले तिथं वाईट बातमी तिसऱ्या परिच्छेदात लपवलेली चालत नाही.

पोरगा म्हणजे मळ्यातल्या माझ्या दोस्ताचा मुलगा. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. धान्यावरच्या प्रक्रियेचं शिकला, दोन वर्षं जर्मनीत राहून आला, आता पुण्याजवळ दोघा मित्रांबरोबर ज्वारीची बीअर करतो. "चाचा, तुम्ही हो म्हणाल तरच छापीन," असं तो म्हणाला. "उद्या येळवशीला शेतात भेटूच. तिथंच सांगा." मी बरं म्हणालो. ऑफिसला सुट्टी टाकली आहे. उद्या तर अख्ख्या जिल्ह्यालाच सुट्टी आहे, जिल्हाधिकारी दरवर्षी देतात तशी. दार लोटून घेतलंय आणि तुम्हाला लिहायला बसलोय. घरात आपण दखनीत बोललो, पण मला लिहिता येतं ते मराठीत. तुम्हाला मराठी वाचता येत होतं, निदान दुकानांच्या पाट्या आणि माझ्या बातम्या तरी.

थोरल्या भाईंना मीच कळवलं, ती चूक झाली असं वाटतंय. पण नांदेडला त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून गेलं असतं तर जास्त वाईट. ते आता विष्णुपुरीच्या अलीकडं मुलाकडं राहतात, धरणाच्या बाजूला सकाळी फिरायला जातात, आवाज मात्र अजून गंजगोलाईच्या बाजारात हाक मारावी तसाच. "अब्बा की तस्वीर, बोतल पे?" आधी एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "इस साल खेत में नक्को जा. एक बार गया तो हौ बोल दिया, ऐसाच समझेंगे लोगां." मी म्हणालो, भाई, पन्नास वर्षांचं जाणं आहे. ते म्हणाले, "पचास साल क्या पिया, वो अब बोतल पे लिख को आ रहा ना? अब बोल." मी फोन ठेवून दिला. त्यानंतर त्यांचा दोनदा फोन येऊन गेला, मी उचललेला नाही.

तुम्हाला आठवत असेल, येळवशीच्या आधीचा आठवडा आपल्या बोळात कसा असायचा. मी शाळेतून येतो आहे, आणि बोळाच्या तोंडापासूनच नवसागराचा पांढरा धूर नाकात जातो. तुम्ही खड्ड्यासमोर उकिडवे बसलेले. भाई भाता ओढताहेत. तापलेल्या घागरीत तुम्ही कथलाची कांडी टेकवता, कापसाचा बोळा फिरवता, आणि काळी पडलेली घागर आतून चंद्रासारखी होते. सगळ्या खेड्यांतनं भांडी यायची, कारण आंबील आंबट, आणि आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यापितळेत कळकतो, माणसाला बाधतो. ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, आंबू द्यायचं, शिजवायचं, पुन्हा ताक, लसूण, जिरं घालून मडक्यात मुरू द्यायचं, आणि अमावास्येला ते मोठ्या घागरीत भरून शेतात न्यायचं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पाच पांडवांपुढं ठेवायचं, शेताच्या चारी बाजूंनी शिंपायचं, आणि मग प्यायचं. दोस्ताच्या आजोबांनी एक रीत घातली होती, त्यांच्याच शेतापुरती. देवाला दाखवून झालं की पहिला ग्लास घागरीला कल्हई केली त्याचा. तो प्यायला आणि ठीक राहिला की मग बाकीच्यांनी ग्लास उचलायचे. म्हातारे हसून म्हणायचे, "मिस्तरी, तुमची कल्हई तुम्हीच आधी चाखा. मेलाव तर आम्ही शिकून घेऊ." तुम्हीही हसायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि एका दमात ग्लास रिकामा करायचे. शेतभर लोक "हां, आता वाढा" म्हणून ओरडायचे. मी तुमच्या लुंगीशी उभा असायचो आणि मला वाटायचं, ह्या गर्दीत माझा बाप सगळ्यांत महत्त्वाचा माणूस आहे.

पोराला हीच गोष्ट हवी आहे. मागच्या महिन्यात तो घरी आला होता. माझ्या बायकोनं चहा दिला, तो त्यानं अर्धा तसाच ठेवला, इतकं त्याला बोलायचं होतं. म्हणाला, तिकडं मठातले साधू शेकडो वर्षं बीअर करत आले, उपवासाच्या दिवसांत तीच पीत, आणि आज त्या देशाला विचारा तुमचं काय, तर ते ग्लास उचलून दाखवतात. "चाचा, आपल्याकडं धान्य आंबवून देवाला दाखवतातच की. मग आपली बीअर परक्या देशाच्या नावानं का प्यायची? ही आपली आहे. देवाची आहे, रानाची आहे, आणि पहिला ग्लास मुसलमान कल्हईवाल्याचा आहे. ह्याच्याहून जास्त आपल्या देशाचं काय असतं, सांगा मला." डोळे चमकत होते त्याचे. मी विचारलं, आंबिलीत आणि तुझ्या बाटलीत फरक नाही का काही? तो म्हणाला, "फरक अल्कोहोलच्या टक्क्यांचा आहे, चाचा." मी अर्धा राहिलेला चहा त्याच्यापुढं सरकवला. टक्के छापले की गोष्ट बदलते, हे मला तेव्हाच जाणवलं होतं.

त्यालाही सोपं चाललेलं नाही. गावात पारावर त्याला ऐकवतात, देवाच्या आंबिलीची दारू केली म्हणून. त्याचा बाप, माझा दोस्त, फोनवर नेहमीसारखा टिंगल करत होता, पण आवाज खाली गेलेला. "लोकं म्हणायलेत, पोरगं जर्मनीला जाऊन हातभट्टी शिकून आलं." मग हसला. "तू तरी नीट लिही बाबा त्याच्याबद्दल पेपरात. तुझ्या बापानं भांड्यावर कल्हई केली, तू बातमीवर करतोस की." मी म्हणालो, लिहीन. तो म्हणाला, "आन् फोटोचं? मनापासून हाय न्हवं तुझं?" मी म्हणालो, उद्या बोलू. तो एकदम म्हणाला, "तू न्हाई म्हणलास तर पोरगं समजल की तुमचं घर आमच्यापासनं सुटलं." म्हणजे इकडं भाई, तिकडं हा. मधे मी.

बिलोलीची जत्रा मला दोन दिवसांपासून सारखी आठवते आहे. देवीच्या देवळामागं आपण खड्डा खणून भट्टी लावली होती. त्या भागात देवीला शिंदी लागते. बायका डोक्यावर मडकी घेऊन येत होत्या, पायरीवर शिंदी ओतत होत्या, आणि आंबूस वास भट्टीच्या धुरातही येत होता. मी विचारलं, अब्बा, देव दारू पितो का? तुम्ही भाता थांबवला नाही. "देव का देव जाने. तू कोयला डाल." मग एक म्हातारा पानाच्या द्रोणात शिंदी घेऊन आला. तेलगू मिसळून काहीतरी बोलला, त्याचा अर्थ एवढाच होता की प्रसाद आहे, नाही म्हणू नये. मी तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही काळे हात लुंगीला पुसले, दोन्ही हातांनी द्रोण घेतला, क्षणभर धरला, आणि शेजारी घागर घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "तुमी घ्या, आमाला पावलं." म्हातारा खूश होऊन गेला. तो गिऱ्हाईकही खूश. तुम्ही कथलाची कांडी उचलली. ह्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, तुम्हाला कामाची घाई आहे.

आणि ते रागावणं. मी पेपरात नवा लागलो होतो, माझी पहिली येळवशीची बातमी. कॅमेरा मागून आणला होता. कोपीसमोर तुम्ही ग्लास तोंडाला लावताय असा फोटो काढला, तो दुसऱ्या पानावर मोठा छापून आला. मी पेपर घेऊन धावत बोळात आलो. तुम्ही पेपर हातात घेतला, बराच वेळ बघितलं, घडी घातली आणि भट्टीपासून लांब ठेवला, जळू नये म्हणून. मग म्हणालात, "फोटो कायको निकाला रे?" मी म्हणालो, चांगली गोष्ट आहे अब्बा, लोकांना कळली पाहिजे. तुम्ही म्हणालात, "पीने की चीज पीके छोड देना. छाप के कायको रखना." तुम्ही माझ्यावर फार कमी वेळा रागावलात, त्यातली ही एक. मला ते लागलं होतं. मला वाटलं तुम्ही लाजताय. पोरानं लेबलावरचं चित्र त्याच फोटोवरून काढून घेतलं आहे. कात्रण त्याच्या आजीच्या ट्रंकेत होतं.

म्हणून परवा मी तिच्याकडं गेलो. काकी, म्हणजे दोस्ताची आई, आता पुष्कळ वाकली आहे, पण आंबील अजून तिच्याच हातची. किल्लारीची जीप पकडली, फाट्यावर उतरलो आणि मळ्यात चालत गेलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती ओट्यावर पाय पसरून भज्जीसाठी, येळवशीच्या त्या मिसळीच्या भाजीसाठी, तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो आणि सोलायला लागलो. मला फक्त विचारायचं होतं की तिला ते चित्र कसं वाटतं. तिला आवडलं आहे म्हणाली असती तर मला हो म्हणायला एक आधार झाला असता.

"चित्र झकास हाय," ती म्हणाली. "दाढी थोडी जास्त काढलीय. पर ते छापू नको म्हणावं पोराला."

मी विचारलं, का?

"खोटं हाय म्हणून."

तिनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुझा बाप घागरीतली आंबील कवा पीतच न्हवता. त्याची येगळी असायची. ह्या एवढ्या चरवीत. सकाळचं ताजं ताक, शिजवलेली पेज, मीठ, लसूण. आंबवलेली न्हाई. ती चरवी बी त्यानंच कल्हई केलेली, त्यामुळं रीत मोडत न्हवती. पदराखाली झाकून न्यायची मी, आन् त्याचा गिलास त्यातनं भरायची. सासऱ्याला न्हाई कळलं, नवऱ्याला न्हाई, तुझ्या दोस्ताला न्हाई."

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगाया कशाला पायजे? लग्नाच्या वर्षी मी वाढाया हुते. पहिला गिलास त्याच्या हातात दिला आन् बघितलं, ह्यो माणूस गिलास धरून उभा हाय, सगळं रान त्याच्याकडं बघायलंय, आन् ह्यो गिलास तोंडाला लावंना. पिला बिचारा. पर मला रातभर झोप न्हाई. दुसऱ्या सालापासनं चरवी."

मी विचारलं, त्यांना कळलं होतं का की वेगळी आहे?

ती हसली. तिचे पुढचे दात आता नाहीत. "भूकंपाच्या साली मला ध्यानच ऱ्हायलं न्हाई. घरं पडलेली, भांडी दगडाखालनं काढलेली, चेपलेली. तुझ्या बापानं तशीच ठोकून सरळ केली आन् कल्हई केली. चरवी घावलीच न्हाई. मी घागरीतलाच गिलास दिला. त्यानं तोंडापाशी नेला. वास घेतला. माझ्याकडं बघितलं न्हाई हां, कोपीकडं बघितलं. मग सासऱ्याच्या हातात दिला आन् म्हणला, मालक, औंदा पहिला तुमचा, औंदा तुमचं घर पडलंय. सासरा रडला. सगळी रडली. पुढल्या सालाला मी नवी चरवी त्याच्याकडं कल्हईला पाठवली. त्यानं दोनदा कल्हई केली तिला. येवढंच बोलणं झालं आमचं, सगळ्या जन्मात."

मग शेंगांचं टोपलं बाजूला सारून ती म्हणाली, "पोराला ह्यातलं काय सांगू नको. त्याला वाटंल आपण फसवलं. आन् गावाला वाटंल त्यानं फसवलं. दोन्ही बी न्हाई."

परत येताना जीपमध्ये मी तुमच्या फोटोबद्दल विचार करत होतो. छापून का ठेवायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलात आणि मी त्याला लाज समजलो. तुम्ही त्या फोटोत चरवीतली पेज पिताय आणि खाली मी ओळ लिहिली होती की घागरीतली आंबील आधी कल्हईवाला चाखतो. खोटी बातमी, आणि ती इतकी वर्षं खरी मानून ट्रंकेत जपलेली. तुम्ही ती दुरुस्त करायला सांगितली नाही, कारण दुरुस्ती छापायची म्हणजे काकीचं नाव छापायचं. आता पोरगा ती बाटल्यांवर छापणार आहे, टक्क्यांसकट. हो म्हणावं तर तुमच्या तोंडाला मी आयुष्यभरात दुसऱ्यांदा ते लावतो आहे जे तुम्ही घेतलं नाही. नाही म्हणावं आणि कारण सांगावं, तर काकी उघडी पडते. नाही म्हणावं आणि कारण सांगू नये, तर दोस्ताला वाटणार की आम्हाला आता त्यांचं पाणी चालत नाही. भाईंना कारण सांगितलं तर त्यांचा राग एका क्षणात उतरेल, मला माहीत आहे, पण ते दुसऱ्या क्षणी मोहल्ल्याला सांगतील, अभिमानानं सांगतील, आणि मग ते खेड्यापर्यंत जायला किती वेळ लागतो. म्हणून त्यांचा फोन उचलत नाही.

मला बराच विचार करून एकच वाट दिसली आहे. उद्या पोराला बाजूला घेऊन सांगेन, नाव ठेव, कणीस ठेव, ती ओळही ठेव हवी तर, रीत तुझ्या पणज्याची आहे. चित्र काढून टाक. आमच्यात बापाची तस्वीर लावत नाहीत, एवढंच सांगेन. ते खोटं नाही आणि पुरं खरंही नाही. तो तेवढ्यानं ऐकेल का, माहीत नाही. हुशार आहे, प्रश्न विचारेल. मी पत्रकार असूनही प्रश्नाला भितो आहे.

जीप पहाटे येणार आहे. दोस्त स्वतः येतो दरवर्षी, हॉर्न वाजवतो आणि खालूनच ओरडतो, "पत्रकार, उठलाव का न्हाई?" भाई नांदेडहून निघालेत की नाही ते कळलेलं नाही. निघाले असतील तर तेही जीपमध्ये बसतील किंवा मला उतरवतील. शेतात कोप उभी असेल. घागर आता स्टीलची आहे, कल्हई लागत नाही, तरी देवानंतरचा पहिला ग्लास तुमच्यामागं माझ्याकडं आला आहे. काकी भरेल, पोरगा बाजूला बाटली घेऊन उभा असेल, दोस्त माझ्या तोंडाकडं बघत असेल.

एक गोष्ट राहिली. निघताना मी काकीला विचारलं, आणि माझा ग्लास? ती म्हणाली, "तू कवा गिलास धरून उभाच ऱ्हायला न्हाईस. तुझा पहिल्या सालापासनं घागरीतलाच." म्हणजे तुमच्यानंतर इतकी वर्षं मी ती मुरलेली, आंबट, डोळ्यांवर झापड आणणारी आंबीलच पीत आलो, दुसरा ग्लास मागून घेत आलो. पोराला चित्र हवंच असेल तर ते माझं काढायला पाहिजे, बातमी तरी खरी होईल. हे मी त्याला सांगणार नाही. भाईंनाही नाही. उद्या तुझ्यासाठी बी येगळी चरवी भरू का, असं काकीनं मला विचारलं होतं, अब्बा. मी म्हणालो, नको.